मुलायम सुराचे फझ

फझ पेडल घेऊ इच्छिणाऱ्या एका तरुणाने आम्हांस विचारले, “फादर, सूर कर्कश नको, मुलायम हवा. कोणते घेऊ?” पैसे त्याच्या घामाचे, तेव्हा उत्तर विचारपूर्वक देणे आले.

फझचा जन्मच बिघाडातून झाला. नॅशव्हिल येथील ध्वनिमुद्रणाच्या यंत्रातील दोषामुळे बास गिटारचा सूर घोगरा उमटला. १९६१ साली ते गीत गाजले आणि १९६२ साली माएस्ट्रोचे पेडल बाजारात आले.

मुलायमपणाचे मर्म आतील रचनेत आहे. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे फझ फेस स्वरलहरींचे माथे हळुवार छाटते. गिटारीवरील आवाज किंचित उतरविला की सूर निवळतो. परंतु उन्हाच्या काहिलीत त्याचा सूर बदलतो. सिलिकॉन उष्णतेत अधिक स्थिर, पण बहुधा तीक्ष्ण. बिग मफमध्ये सिलिकॉन असूनही सूर दोन टप्प्यांत छाटला जाऊन गाळला जातो. म्हणून तो व्हायोलिनसारखा दीर्घ व गुळगुळीत लागतो.

आमच्याकडील उन्हाळा पाहता आम्ही त्यास बिग मफच्या जातीचे सुचविले. टोनची कळ खाली ठेवावी, दांडीलगतचा पिकअप वापरावा. आणि दाम मोजण्यापूर्वी आपल्याच गिटारीवर व अँप्लिफायरवर ते ऐकावे. दुकानातील गिटार घरी येत नसते!