अम्मीच्या वतीने ‘ओके’ कोण दाबतो?

वळसंगहून फिजिओथेरपीसाठी वारंवार सोलापूर गाठायचे म्हणजे भाडे, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि रुग्णाचे हाल. लकवा मारलेल्या माणसाला व्हिडिओ कॉलवर घरबसल्या व्यायाम शिकता येत असेल, तर स्वागतच आहे. मी स्वतः सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, तंत्रज्ञानाला नाक मुरडणारा नाही. माझा प्रश्न परवानगीचा आहे.

फोन बहुधा मुलाच्या हातात असतो. अम्मीची वाचा गेलेली. स्क्रीनवर इंग्रजी अटी येतात आणि मुलगा ‘ओके’ दाबतो. पलीकडे कोण आहे, हे रेकॉर्ड होतेय का, तिला कुणीच सांगत नाही. केंद्र सरकारची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे मार्च २०२०मध्ये आली. रुग्णाने स्वतः सल्ला मागितला तर संमती गृहीत धरतात, पण डॉक्टर, आरोग्यसेवक किंवा घरच्यांनी पुढाकार घेतला तर स्पष्ट संमती लागते. शिवाय ही तत्त्वे नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत. फिजिओथेरपिस्ट त्यांच्या कक्षेत येत नाहीत. म्हणजे इथे घरच्यांची जबाबदारी आणखी वाढते.

वाचा गेली म्हणजे समज गेली असे नाही. मान हलवून, हात दाबूनही हो-नाही सांगता येते. मात्र तिला कळेल अशा दखनीत विचारायला हवे.

दुसरी बाजूही आपल्याच घरातली आहे. ‘गैरमर्दासमोर कसे बसवायचे?’ म्हणत काही जण तिला न विचारताच उपचार थांबवतात. ॲपने विचारले नाही आणि आपणही विचारले नाही, तर फरक काय राहिला? महिला फिजिओथेरपिस्ट मागणे हा तिचा हक्क आहे. तिच्या वतीने उपचार नाकारणे हा आपला हक्क नव्हे.

आणखी एक. तोल गेला तर कॉलवरचा फिजिओथेरपिस्ट सावरू शकत नाही. ते काम बहुधा सुनेवर येते. रुग्णाला कसे धरायचे, हे तिला आधी शिकवले पाहिजे. तिला जमेल का, हेही विचारले पाहिजे.

म्हणून सेवा देणाऱ्यांकडे आपण तीन गोष्टी मागू या. पहिली तपासणी प्रत्यक्ष व्हावी. संमती मराठी, दखनी, कन्नडमध्ये ऐकवून घ्यावी. रेकॉर्डिंग मुळात बंद असावे, रुग्णाने हो म्हटले तरच सुरू व्हावे. यातले सॉफ्टवेअरचे काम अवघड नाही, हे मी माझ्या कामाच्या अनुभवावरून सांगतो.

शरीर ही अल्लाहची अमानत, असे आपण मानतो. मग त्या शरीराचा व्हिडिओही अमानतच. फोन तुमच्या हातात आहे. पुढच्या कॉलआधी अम्मीला विचारा आणि तिचे उत्तर येईपर्यंत थांबा.