जीप उंच झाली, पण शहाणी झाली का?

ऑफरोडिंगचे रील्स तुम्ही बघता ना? मीही बघते. चिखल उडवत चढ चढणारी जीप, मागे ढोल-ताशाचं म्युझिक आणि खाली कमेंट्समध्ये हमखास एक प्रश्न : ‘भावा, किती इंच लिफ्ट केलीस?’ तीन इंच, पाच इंच, सहा इंच. जितके इंच जास्त, तितके बदाम जास्त. पण पाटे कुठले टाकलेत, ब्रेकच्या पाइपला ढील किती ठेवली आहे, हे कुणीच विचारत नाही. गेल्या दिवाळीपर्यंत मीही विचारलं नसतं.

कराडजवळ माझं आजोळ. तिथे माझ्या मामेभावाने, म्हणजे दादाने, दोन वर्षं खपून एक जुनी एमएम ५४० जीप उभी केली. घेतली तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. इंजिन खोललं, पत्रा बदलला, वायरिंग नव्याने केलं. सगळं घराच्या पडवीत. राहिले होते ते पाटे, आपण कॉलेजात ज्याला लीफ स्प्रिंग म्हणतो ते. वर्षानुवर्षं ओझं वाहून ते अगदी सपाट बसले होते. खड्डा आला की दणका थेट मणक्यात!

दिवाळीच्या सुट्टीत पाटे बदलायचं ठरलं. मी मास कॉमची विद्यार्थिनी, त्यामुळे मला पहिलं काम मिळालं ते टॉर्च धरण्याचं. दुसऱ्या दिवशी पाना हातात आला. तिसऱ्या दिवशी नखांतलं ग्रीस निघेना आणि मला त्याचं काही वाटेना.

पाटा नक्की करतो काय?

दिसायला पाटा म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या. सगळ्यात लांब तो मेन पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना डोळे. एक टोक चेसिसला पक्कं बसतं, दुसरं शॅकलवर झुलतं. कारण वजन पडलं की बाक कमी होतो आणि पाटा लांब होतो, त्या लांबीला सरकायला जागा लागते. मधोमध सेंटर बोल्ट आणि दोन यू-बोल्ट एक्सलला धरून ठेवतात.

म्हणजे पाटा फक्त धक्के खात नाही. एक्सल गाडीखाली जागच्या जागी ठेवायचं कामही तोच करतो. ब्रेक मारला की एक्सल पिळायला बघतो, तो पीळही पाटाच सोसतो. अशी वस्तू आपण ‘लूक’साठी बदलतो, इथेच माझा आक्षेप आहे.

आम्हीही तेच केलं. दादाने जुन्या बाजारातून एका जड पिकअपचे पाटे आणले. जाड, शिवाय एक पट्टी जास्त. वर लांब शॅकल. हिशेब सोपा होता : जाड म्हणजे मजबूत, लांब शॅकल म्हणजे उंच. गंजलेले यू-बोल्ट काही केल्या सुटेनात, शेवटी कापावे लागले. संध्याकाळी जीप जमिनीवर टेकवली तेव्हा ती चांगली तीन इंच वर उभी होती. फोटो काय आले म्हणून सांगू! माझ्या स्टोरीला आजवर एवढे रिप्लाय कधी आले नव्हते.

गल्लीतले मिस्त्रीकाका मात्र गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, ‘‘पोरांनो, पाटा म्हणजे गाडीचा गुडघा. गुडघाच वाकला नाही तर माणूस डोंगर चढेल का?’’ आम्ही हसलो. जुन्या लोकांचं असंच असतं, नाही का?

गुडघा वाकलाच नाही

दुसऱ्या दिवशी शेताच्या बांधावर ट्रायल घेतली. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत राहिलं. फोर बाय फोर टाकलेलं, तरी तीच दोन चाकं गरगर फिरत होती आणि जमिनीवरची दोन ढिम्म. कारण साध्या डिफरन्शियलमध्ये जे चाक मोकळं, तेच फिरतं. पाटे मऊ असते तर चाकं खाली उतरून मातीला टेकली असती. बसलेल्या जुन्या पाट्यांवर हाच बांध जीपने आरामात पार केला होता!

मग मी थोडं वाचलं. पाट्याची पट्टी दुप्पट जाड केली तर ती दुप्पट नाही, आठपट कडक होते. कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. पिकअपला टनभर माल वाहायचा असतो, तिला ते शोभतं. आमच्या रिकाम्या जीपला त्या पाट्यांनी फक्त उडवलं.

आणि उडवलं ते नेमकं डांबरी रस्त्यावर. मामा मागे बसले होते. वळणावर उखडलेला पॅच लागला, मागची चाकं उसळून बाजूला सरकली, स्टिअरिंग नेहमीसारखं आपणहून सरळ येईना. समोरून उसाची ट्रॉली. दादाने गाडी कशीबशी साइडपट्टीवर घेतली. कुणाला काही झालं नाही. पण मामा खाली उतरून पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत, ते मला आजही आठवतं.

मिस्त्रीकाकांनी चेसिसला जॅक लावून जीप उचलली, एक्सल खाली लोंबकळला आणि त्यांनी नुसतं बोट दाखवलं. चेसिसवरून एक्सलकडे जाणारा ब्रेकचा रबरी पाइप तारेसारखा ताणलेला. गाडी उंच केली, पाइप तेवढाच ठेवला. लांब शॅकलमुळे पुढच्या एक्सलचा कोन फिरला होता, म्हणून स्टिअरिंग सरळ येत नव्हतं. एक गोष्ट बदलली की चार गोष्टी बदलतात, आणि आम्ही त्या चार बघितल्याच नव्हत्या.

शेवटी मूळ मापाचे नवे पाटे आणि मूळ लांबीचे शॅकल आले. या वेळी काम काकांच्या देखरेखीखाली. जॅकवर भरवसा न ठेवता चेसिसखाली स्टँड. यू-बोल्ट नवेच, कारण एकदा ताणून कसलेले पुन्हा वापरायचे नसतात. सेंटर बोल्टचं डोकं एक्सलवरच्या भोकात नीट बसलंय का, ते हाताने चाचपून. शॅकलचे बोल्ट मात्र शेवटी, चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पाट्यांवर आल्यावर कसले. हवेत कसले असते तर रबरी बुश पिळून फाटले असते. काही दिवस गाडी चालवून यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळले. जीप आता तीन इंच उंच नाही. बांध मात्र पार करते.

मग काही करायचंच नाही का?

असं मी म्हणत नाहीये. उलट, घरी गाडी उभी करणं ही मला आपल्या वयातली सगळ्यात भारी शाळा वाटते. माझा मुद्दा वेगळा आहे. आपण बदल करतो तो बघणाऱ्यासाठी, आणि त्याची किंमत मोजतो तो मागच्या सीटवर बसलेला माणूस. किंवा समोरच्या ट्रॉलीवरचा, ज्याने आपलं रील बघितलेलंही नसतं.

कायदा तर सरळ ‘नाही’ म्हणतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळ्या होतील असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. झिजलेल्या पाट्याजागी तसाच नवा पाटा टाकणं ही दुरुस्ती. उंची वाढवणं हा बदल. हा फरक लक्षात ठेवा.

पण नुसत्या बंदीने काय होतं, तेही आपण बघतोच. काम बंद होत नाही, ते लपून होतं. लपून झालेलं काम कुणी तपासत नाही. आमचा ताणलेला पाइप काकांनी बघितला नसता तर?

तपासून परवानगी देणं अशक्य आहे का? सीएनजी किट मंजूर प्रकारचं असेल तर ते बसवून आरसीवर नोंद करता येते. जर्मनीत सस्पेन्शनमधले बदल तज्ज्ञाकडून तपासून गाडीच्या कागदपत्रांत चढवता येतात. वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआयसारखी संस्था आपल्या पुण्यातच आहे. इंजिनीअरिंगच्या मुलांची ‘बाहा’ स्पर्धा बघा. विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेली गाडी तांत्रिक तपासणीतून पास झाल्याशिवाय ट्रॅकवर सोडतच नाहीत. ब्रेक मारल्यावर चारही चाकं लॉक होतात का, हेही तिथे बघतात. विद्यार्थ्यांना जे जमतं, ते आरटीओला का जमू नये? सस्पेन्शनसाठीही तपासणीची अशी सोपी वाट हवी आणि ती आपण मागायला हवी.

ती मिळेपर्यंत उंच केलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणू नका. हौस असेल तर ती स्पर्धेच्या बंद ट्रॅकवर, रोल केज लावून, ट्रेलरवरून नेऊन भागवा. गोव्यात २०१४पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होतं. तिथल्या गाड्या नीट बघितल्यात तर कळेल, त्या नुसत्या उंच नसतात, त्या वाकतात.

आणि तुमच्या गल्लीतही एक मिस्त्रीकाका असतील. पुढच्या वेळी ‘किती इंच’ विचारण्याआधी त्यांना गाडीखाली एक नजर टाकायला सांगा. ते काही बोलले तर आमच्यासारखं हसू नका.