फाटकावर विडी जमा झाली, चंचीचे काय?

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत पाळी बदलताना पाहावे. रसायनांच्या कारखान्यात ठिणगी म्हणजे आगच, म्हणून विडी-काडेपेटी फाटकावरच जमा होते. तंबाखूची चंची मात्र खुशाल आत जाते. आठ तास विडी नाही, मग भरा दाढेत बार!

हा गडी दुसरातिसरा कुणी नव्हे. भातलावणी उरकून ठेकेदाराकडे नाव लावलेला आपलाच शेतकरी.

कामाच्या ठिकाणी धूम्रपान करण्यास २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे. फलकही लागले. पण फलक वाचून तलफ जात नाही. मी स्वतः डिप्लोमाला असताना तंबाखूला लागलो. तिसऱ्या खेपेला सुटली, पण पहिले चार दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही. अशा वेळी मुकादमाने दोन शब्द समजुतीचे बोलावे, की 'हात चालव' म्हणून खेकसावे?

शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात हे काम रीतसर झाले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी एका रासायनिक कारखान्यातल्या १०४ कर्मचाऱ्यांची तोंडे तपासली, त्यांना गटागटाने बोलते केले, लागेल त्याला औषध दिले. घरच्या मंडळींनाही समजावले. कारखान्याच्या दवाखान्यातली माणसे त्यासाठी तयार केली. वर्षाअखेरीस व्यसन असलेल्यांपैकी ४० टक्के सुटले. नुसत्या सांगण्यावर न जाता लघवीही तपासली. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले.

त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट जास्त बोचते. कंत्राटी कामगारांपैकी ५६ टक्के तंबाखू वापरत होते, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांच्या तोंडात कर्करोगाआधीची लक्षणे होती. अशा माणसाबद्दल कंपनी म्हणते तो ठेकेदाराचा, ठेकेदार म्हणतो काम कंपनीचे. मग सरपंचांनी कंपनीला पत्र द्यायला काय हरकत आहे? गावची माणसे आहेत ती.

पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत ना फाटक, ना डॉक्टर. मालक आणि कारागीर एकाच चंचीतून मळतात. तिथे सुरुवात मालकानेच करावी लागेल. १८००-११-२३५६ या फुकट फोनवर तंबाखू सोडण्यासाठी सल्ला मिळतो. हा नंबर रंगाच्या डब्यांशेजारी भिंतीवर लिहून ठेवावा.

धाटावच्या कारखानदारांना एवढेच सांगणे आहे. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाचा मांडव घालाल, तेव्हा ठेकेदाराच्या माणसांनाही त्यात बसवा. तोंड तपासायला गेलेल्या तासाचा रोज मात्र कापू नका.