मान फिरणारे पिल्लू आणि आपण



मागच्या पावसाळ्यात एक कुटुंब आजोबांना ताप आला म्हणून दवाखान्यात आले. सोबतच्या आठ-नऊ वर्षांच्या नातीने ओढणीत काहीतरी गुंडाळून धरले होते. विचारले तर म्हणाली, "पिल्लू आहे. याची मान फिरते. डॉक्टर, याला पण बघा ना." खाली ठेवल्यावर पिल्लू एकाच बाजूला गोल फिरू लागले. दाणा टिपायला गेले की चोच भलतीकडेच पडायची.

मी माणसांचा डॉक्टर. पण आपल्या नंदुरबार जिल्ह्यात राहून त्या पिल्लाकडे दुर्लक्ष करणे मला परवडत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू सापडला तो आपल्याच नवापूरमध्ये. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात घरच्या, परसातल्या कोंबड्यांमध्येही तो निघाला. २०२१ साली नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली.

म्हणून लगेच घाबरू नका. पिल्लू विचित्र वागण्याची कारणे बरीच आहेत.

पाय दोन बाजूंना फाकत असतील तर बहुतेक वेळा जमीन गुळगुळीत असते. खाली वर्तमानपत्राऐवजी गोणपाट टाका. पिल्लू अगदी लहान असेल तर दोन्ही पायांत योग्य अंतर ठेवून मऊ कापडाची पट्टी तीन-चार दिवस सैलसर बांधतात. बोटे आत वळली असतील तर ब-२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. मान मागे जाऊन पिल्लू आकाशाकडे बघत राहिले तर ब-१ कमी पडले असेल. नुसत्या पॉलिश तांदळाच्या कणीवर वाढवलेल्या पिल्लांना हे होऊ शकते. आयकमन नावाच्या डच डॉक्टरांनी जावा बेटावर अशाच लडखडणाऱ्या कोंबड्या पाहिल्या. त्यातूनच माणसांच्या बेरीबेरी या आजाराचे कोडे सुटायला सुरुवात झाली आणि १९२९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. म्हणजे आजारी कोंबडीकडे नीट बघणे हे डॉक्टरला कमीपणाचे काम नाही!

एक पाय पुढे आणि एक मागे पडला तर मॅरेक्सचा संशय घ्यावा. तो माणसाला होत नाही. मान पिळवटली, सोबत हिरवट जुलाब आणि धाप असेल तर मानमोडी, म्हणजे राणीखेत. त्यापासून माणसाला फार तर डोळे येतात, पण कोंबड्यांचा अख्खा खुराडा रिकामा होतो. बर्ड फ्लूमध्येही मान अशीच वाकडी होऊ शकते. नुसते बघून यातला फरक मला सांगता येणार नाही आणि तुम्हालाही नाही. त्यासाठी पशुवैद्यक आणि प्रयोगशाळाच हवी.

आता माझे मत स्पष्ट सांगतो. आपल्याकडे अशा पिल्लाचे दोनच प्रकार होतात. मोठी माणसे मान मुरगाळून कापतात किंवा बाकीच्या कोंबड्या घाईने आठवडे बाजारात विकून टाकतात. लहान मुले त्याला पांघरुणात घेऊन झोपतात. मला दोन्ही चूक वाटतात. बाजारात विकलेली आजारी कोंबडी रोग दुसऱ्या गावात नेते. आणि मुलाच्या प्रेमाला जंतू कळत नाहीत.

मग काय करायचे? पिल्लू वेगळ्या टोपलीत, घराबाहेर पण उबेत ठेवा. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करायची. पाणी उथळ बशीत द्या. त्याची काळजी एकाच मोठ्या माणसाने घ्यावी, नाक-तोंड झाकून. नंतर साबणाने हात धुवावेत. धडधाकट दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो, म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांनी पिल्लांना हात लावू नये, मुके तर अजिबात घेऊ नयेत. १९६२ या क्रमांकावर किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. एकाच वेळी अनेक कोंबड्या मेल्या तर त्यांना हात न लावता त्याच दिवशी कळवा.

"कळवले तर सगळ्याच कोंबड्या मारतील," असे लोक मला म्हणतात. ही भीती खोटी नाही. ज्या घरात चार कोंबड्या म्हणजेच अडीअडचणीचा पैसा, तिथे हा मोठा घाव असतो. पण भरपाई सरकारने मारलेल्या कोंबड्यांची मिळते, लपवून मेलेल्यांची नाही. आणि ती भरपाई वेळेवर हातात पडली पाहिजे, असे माझे सरकारलाही सांगणे आहे. नाहीतर पुढच्या वेळी कोणीच तोंड उघडणार नाही.

२००६ मध्ये आपल्याकडे एकाही माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही. पण २०२१ मध्ये हरियाणातला ११ वर्षांचा मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये बर्ड फ्लूने गेला. देशातला तो असा पहिला नोंदलेला मृत्यू. आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याशी संबंध आल्यावर दहा दिवसांत ताप, खोकला, धाप किंवा डोळे लाल झाले तर डॉक्टरांना आधी कोंबड्यांबद्दल सांगा. औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर जास्त उपयोगी पडते. आम्ही डॉक्टर हे विचारायला विसरतो. मीही कित्येक वर्षे विचारत नव्हतो.

त्या आजोबांना मी विचारले. ताप मलेरियाचा निघाला. पिल्लाला पशुवैद्यकांकडे पाठवले. घरातल्या बाकीच्या कोंबड्या ठणठणीत होत्या, कमतरता खाण्यातलीच होती. महिन्याभराने मुलगी पुन्हा आली, या वेळी रिकाम्या हाताने. पिल्लू जगले होते. मान अजून थोडी वाकडी आहे म्हणाली. मग न विचारताच तिने दोन्ही तळहात पुढे केले आणि सांगितले, "धुतलेत."