दोन डोस घेऊनही 'लसीकरण अपूर्ण'?

मंडळी, हा कारभार बघा. मार्च २०२१ मध्ये आपल्या पुण्याच्या सीरममधून कोविशिल्डचे ५ लाख डोस कॅनडाला गेले. तिथल्या लोकांनी ते घेतले. जूनमध्ये तिथल्याच लसीकरण समितीने सांगितलं, दुसरा डोस फायझर किंवा मॉडर्नाचा घेतलेला बरा. लोकांनी तेही ऐकलं. यात त्यांचं काय चुकलं?

मग २०२१ मध्ये अमेरिकेतून सुटणाऱ्या काही क्रूझ कंपन्या म्हणू लागल्या, तुमचं लसीकरण अपूर्ण! का, तर तिथली सीडीसी तेव्हा असे मिश्र डोस धरत नव्हती. अहो, जर्मनीच्या मर्केलबाईंनी आणि कॅनडाच्या ट्रुडोंनीही आधी ॲस्ट्राझेनेका, मग मॉडर्नाच घेतली. मग त्यांनाही धक्क्यावरून परत पाठवणार होते का?

जहाजावर काळजी हवीच. २०२० मध्ये डायमंड प्रिन्सेसवर ७०० हून जास्त लोकांना लागण झाली होती. पण ऑक्सफर्डच्या अभ्यासात ॲस्ट्राझेनेकाच्या दोन डोसपेक्षा ॲस्ट्राझेनेकानंतर फायझर घेतलेल्यांत प्रतिपिंडं जास्त दिसली. मग अडवलं कशासाठी?

क्यूबेकने तर कहरच केला. प्रवासाला अडचण येते ना, मग तिसरा डोस घ्या! म्हणजे गरज शरीराला नाही, कागदाला. तिकडे गरीब देशांत दवाखान्यात राबणाऱ्यांना तेव्हा पहिला डोसही मिळाला नव्हता. डब्ल्यूएचओ सप्टेंबर २०२१ अखेरपर्यंत बूस्टर थांबवा म्हणून हात जोडत होती.

सीडीसीने मिश्र डोस तातडीने मान्य करायला हवे होते. तोवर कंपन्यांनी टेस्ट करून लोकांना जहाजावर घ्यायला हवं होतं, नाहीतर तिकिटाचे सगळे पैसे परत द्यायला हवे होते. एका शिक्क्यासाठी दुसऱ्याच्या वाटणीची लस टोचून घ्यायला लावायला नको होती!