अम्मीच्या वहीतला रत्तल

आमच्या लहानपणी परळच्या चाळीत दिवाळीआधी शेजारच्या काकू आणि ईदआधी आमची अम्मी, दोघीही मैदा, साखर, तूप डब्यांत भरून गल्लीतल्या बेकरीत जात. घरात ओव्हन कुणाकडेच नव्हता. नानकटाई बेकरीच्या भट्टीतच भाजायची. अम्मी आता नाही. तिची उर्दूत लिहिलेली वही आहे.

गेल्या ईदला आमच्या भाचीने ती वही उघडली. मैदा १ र., पिठीसाखर ८ औंस, तूप ९ औंस, सोडा अर्धा ट. 'र.' म्हणजे अर्धा किलो असेल, असे तिने धरले. 'ट.' म्हणजे टेबलस्पून, असेही ठरवले. नानकटाई काळपट झाली आणि चवीला साबणासारखी. बिचारी हिरमुसून म्हणाली, "मामू, नानींची नानकटाई अशीच लागायची का?" तो प्रश्न आम्हाला फार लागला. चूक दोन अक्षरांची होती, पण नाव अम्मीच्या हाताचे खराब होत होते.

म्हणून त्या रात्री दोघांनी बसून वही वाचली. 'र.' म्हणजे रत्तल. हा शब्द अरबी 'रत्ल'वरून मराठीत आला आणि मुंबईत इंग्रजी पाउंडाला रूढ झाला. एक रत्तल म्हणजे १६ औंस, सुमारे ४५४ ग्रॅम. एक औंस साधारण २८ ग्रॅम. आपल्याकडे १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले आणि १९६२ च्या एप्रिलपासून वजनात तेच सक्तीचे झाले. दुकानातली वजने बदलली, अम्मीची वही बदलली नाही.

इंग्रजी पुस्तकात पाउंडाला 'एलबी' आणि औंसाला 'ओझेड' लिहितात. 'एलबी' हे लॅटिन 'लिब्रा'चे लघुरूप आहे, म्हणून पाउंडाशी त्याचे एकही अक्षर जुळत नाही. 'ओझेड'च्या आधी 'एफएल' असेल तर ते वजन नव्हे, पातळ पदार्थाचे माप. केकची ऑर्डर देतानाही लक्षात ठेवा : एक पाउंडाचा केक अर्ध्या किलोपेक्षा सुमारे ४६ ग्रॅमने कमी भरतो.

आता चमचे. टीस्पून ५ मिलिलिटरचा, टेबलस्पून १५ मिलिलिटरचा. इंग्रजीत लहान 'टी' म्हणजे टीस्पून, मोठा 'टी' म्हणजे टेबलस्पून. पूर्ण लघुरूपात 'टीएसपी' आणि 'टीबीएसपी'. उर्दूत लहान-मोठे अक्षर नसते, त्यामुळे अम्मीच्या एकट्या 'ट'ने घोळ केला आणि सोडा तिप्पट पडला. साखर चमचाभर जास्त झाली तर चालून जाते. सोडा माफ करत नाही. शंका असेल तेव्हा सोड्यासाठी लहान चमचाच धरावा.

कप हेही माप आहे, वजन नव्हे. एक कप मैदा हलक्या हाताने भरला तर सुमारे १२० ग्रॅम, दाबून भरला तर दीडशेच्या घरात जातो. त्याच कपात साखर सुमारे २०० ग्रॅम बसते. ही गोष्ट आपल्याला नवी नाही. फितऱ्याचा साअ मुळात धान्य भरण्याचे माप आहे. म्हणूनच गव्हाचा साअ आणि खजुराचा साअ किलोत सारखे भरत नाहीत.

बेकिंगसाठी छोटा डिजिटल काटा घ्यावा. आधी रिकामे भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा, मग मैदा ओतावा. पुढच्या रविवारी भाचीने तसेच केले : मैदा ४५४ ग्रॅम, साखर २२७, तूप २५५, सोडा अर्धा टीस्पून. पहिली नानकटाई तिने आमच्या हातावर ठेवली. आम्ही काही बोललो नाही. तिला उत्तर मिळाले.

नंतर तिने वहीच्या कोऱ्या पानावर तीच कृती मराठीत लिहिली. ग्रॅममध्ये, आणि एकही शब्द न तोडता.

भगिनींनो, तुमच्या घरात अम्मी, खाला किंवा दादी असतील तर या महिन्यात एवढे करा. त्या "अंदाजाने घाल" म्हणतील. म्हणू द्या. त्यांच्याच हाताने मैदा, साखर, तूप काढून घ्या, काट्यावर ठेवा आणि आकडा लिहून घ्या. त्यांचा अंदाज आहे तोवरच तो तोलता येतो.