देव, देह आणि मंडळी

इंग्लंडमधल्या बहुतेक जुन्या चर्चना लागून एक हॉल असतो. लाकडी फरशी, भिंतीशी एकावर एक रचलेल्या खुर्च्या, मागच्या छोट्या स्वयंपाकघरात चहाच्या पाण्याचा स्टीलचा बंब. दाराशी आठवड्याचे वेळापत्रक लावलेले असते: सोमवारी वजन घटवू पाहणाऱ्यांचा गट, मंगळवारी पिलाटेस, बुधवारी तान्ही मुले घेऊन येणाऱ्या आया, गुरुवारी संध्याकाळी दारू सोडणाऱ्यांची बैठक, शुक्रवारी म्हाताऱ्यांचे खुर्चीत बसून करायचे व्यायाम. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या ४६.२ टक्के लोकांनी आपला धर्म ख्रिस्ती असल्याचे सांगितले. हा आकडा पहिल्यांदाच निम्म्याखाली गेला. हॉलमध्ये येणाऱ्यांतले कित्येकजण रविवारी शेजारच्या चर्चचा उंबरा चढत नाहीत. फरशी मात्र रोज झिजते आहे.

ख्रिस्ती श्रद्धा आणि आरोग्य यांचा विचार या हॉलपासून सुरू करावा, असे माझे म्हणणे आहे. श्रद्धेची आणि तंदुरुस्तीची सांगड घालणारी पुस्तके, शिबिरे आणि व्यायामाचे कार्यक्रम आज पुष्कळ आहेत. त्यांतल्या बऱ्याचशांचा रोख एकट्या माणसाकडे असतो: तू प्रार्थना कर, तू घाम गाळ, देव तुझे शरीर आणि मन सुदृढ करील. ब्रिटनचा पावणेदोनशे वर्षांचा अनुभव मला वेगळे सांगतो. श्रद्धेचा आरोग्याला फायदा होतो तो मुख्यतः माणसे नेमाने एकत्र येतात आणि एकमेकांची विचारपूस करतात म्हणून. आणि जिथे सुदृढ शरीर हीच श्रद्धेची खूण ठरली, तिथे माणसे दुखावली गेली. मराठी ख्रिस्ती समाजात चर्चच्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतात. सगळा मुद्दा त्या एका शब्दात आहे.

मारुतीचे देऊळ आणि शेजारी तालीम हे दृश्य ज्यांच्या गावात आहे, त्यांना देव आणि दंड-बैठका यांची जोडी नवी नाही. ब्रिटनमध्ये ती व्हिक्टोरियन काळात जमली. १८५७ मध्ये चार्ल्स किंग्जली या पाद्री-कादंबरीकाराच्या पुस्तकावरच्या एका परीक्षणात ‘मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी’, म्हणजे बलदंड ख्रिस्ती धर्म, हा शब्द आला. त्याच वर्षी थॉमस ह्यूज यांची रग्बी शाळेवरची ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ ही कादंबरी निघाली आणि मैदानावर चारित्र्य घडते ही कल्पना घरोघर पोचली. आज ज्या फुटबॉल संघांचे सामने मुंबई-पुण्यात पहाटेपर्यंत जागून पाहिले जातात, त्यांतले कितीतरी याच काळात चर्चच्या अंगणात जन्मले. ॲस्टन व्हिला १८७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका मेथडिस्ट चॅपलमधल्या तरुणांनी काढला. एव्हर्टन १८७८ मध्ये सेंट डोमिंगो चॅपलचा संघ म्हणून सुरू झाला. मँचेस्टर सिटीचे मूळ १८८० च्या वेस्ट गॉर्टनमधल्या सेंट मार्क्स चर्चमध्ये आहे. साउथॅम्प्टनच्या संघाला अजून ‘सेंट्स’ म्हणतात. ग्लासगोच्या सेल्टिकची कल्पना १८८७ मध्ये ब्रदर वॉलफ्रिड यांनी मांडली, ती गरीब मुलांच्या जेवणासाठी पैसे उभे करावेत म्हणून. कारखान्यांच्या वस्तीतल्या पोरांना दारूच्या गुत्त्याखेरीज जायला दुसरी जागा हवी होती. चेंडू हे निमित्त होते.

वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचा क्रमही बोलका आहे. जॉर्ज विल्यम्स हा कापडाच्या दुकानातला बावीस वर्षांचा नोकर. १८४४ च्या जूनमध्ये लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलजवळ त्याने दुकानांत राबणाऱ्या मूठभर तरुणांना एकत्र केले, ते प्रार्थनेसाठी आणि बायबल वाचनासाठी. दुकानाच्याच माळ्यावर राहणारी, गावाकडून आलेली, दिवसाचे बारा-चौदा तास उभी असणारी ही मुले होती. संस्थेच्या व्यायामशाळा पुढे कित्येक वर्षांनी आल्या. आधी सोबत आली, मग जिम.

पण याच परंपरेने एक घातक वळण घेतले. बलवान शरीर म्हणजे शुद्ध मन, आणि शुद्ध मन म्हणजे देवाची कृपा, अशी साखळी एकदा जोडली की आजारी, अपंग, लठ्ठ, उदास माणसाला काय सांगायचे? तुझी श्रद्धा कमी पडली, एवढेच उरते. बलदंड धर्माच्या या चित्रात बायकांना जवळजवळ जागाच नव्हती, आणि साम्राज्यासाठी शिपाई घडवणे हा त्यातला उघड हेतू होता. स्वतः किंग्जली यांना तो शब्द आवडत नसे. अतिश्रमाने आणि मनाच्या थकव्याने ते अनेकदा खचले. याचे अतिशय काळे टोक अलीकडे उघड झाले. श्रीमंत शाळांतल्या मुलांसाठी चालणाऱ्या आयवर्न या ख्रिस्ती शिबिरांशी संबंधित जॉन स्माइथ या वकिलाने १९७० आणि ८० च्या दशकांत पापाचे प्रायश्चित्त म्हणून मुलांना रक्त येईपर्यंत वेताने मारले. याविषयीचा मेकिन अहवाल नोव्हेंबर २०२४ मध्ये आला आणि चर्च ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे प्रमुख, आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. खेळाच्या मैदानावरून कोणी थेट तिथे पोचत नाही, हे खरे. पण देहाला शिस्त लावण्याचा अधिकार देवाच्या नावाने कोणाच्या हाती दिला की तो तपासणारे कोणीतरी बाहेरचे लागतेच.

या वळणाविरुद्धचा आवाजही चर्चमधूनच आला, आणि तो मला जास्त विश्वासाचा वाटतो. चार्ल्स स्पर्जन हे त्या काळचे लंडनचे सर्वांत गाजलेले बाप्टिस्ट प्रवचनकार. ऑक्टोबर १८५६ मध्ये सरे गार्डन्समधल्या सभागृहात त्यांचे प्रवचन चालू असताना कोणीतरी आगीची हूल उठवली आणि चेंगराचेंगरीत सात माणसे मेली. स्पर्जन तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. खिन्नतेचे झटके आणि पुढे गाउटच्या वेदना त्यांना जन्मभर पुरल्या, आणि त्यांनी हे व्यासपीठावरून लपवले नाही. पाद्री होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी यावर एक अख्खे व्याख्यान दिले. त्यात उदासीला पाप ठरवलेले नाही. तासन्‌तास एका जागी बसून राहणे आणि कोंदट खोली यांनी मन काळवंडते, तेव्हा समुद्राच्या हवेत जा, वाऱ्याला तोंड देत चाला, असा सल्ला आहे. मन शरीरात राहते, हे त्यांना स्वतःच्या दुखण्याने शिकवले होते.

दुसरे नाव चॅड वारा. १९३५ मध्ये लिंकन शहरात नवखे पाद्री असताना त्यांना एका कोवळ्या मुलीचा अंत्यविधी करावा लागला. पाळी सुरू झाली, ती तिला गुप्तरोग वाटली, विचारायला कोणी नव्हते, आणि तिने जीव दिला. २ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये त्यांनी अशा माणसांसाठी फोन सुरू केला. आत्महत्येचा प्रयत्न तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता आणि १९६१ पर्यंत तो गुन्हाच राहिला. पाद्रीबाबांना भेटायला रांग लागे, म्हणून काही स्वयंसेवक थांबलेल्यांना चहा देत, त्यांच्याजवळ बसत. थोड्याच दिवसांत वारा यांच्या ध्यानात आले की चहा पिऊन, मन मोकळे करून बरेच जण त्यांना न भेटताच हलके होऊन परत जातात. १९५४ च्या फेब्रुवारीत त्यांनी ऐकण्याचे काम स्वयंसेवकांच्या हाती सोपवले. त्यातून ‘समॅरिटन्स’ उभी राहिली. तिथे धर्मोपदेश करायला मनाई आहे. ११६१२३ हा त्यांचा क्रमांक ब्रिटनमध्ये रात्रंदिवस फुकट लागतो. एका पाद्र्याने आपल्या श्रद्धेपोटी अशी संस्था काढावी की जिथे श्रद्धेची चौकशीच होत नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

याला मोजमाप आहे का? आहे, पण ते जपून वाचायला हवे. २०१६ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी सुमारे ७४ हजार अमेरिकन परिचारिकांची पाहणी प्रसिद्ध केली. आठवड्यातून एकाहून अधिक वेळा उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, सोळा वर्षांतले मृत्यूचे प्रमाण ३३ टक्क्यांनी कमी होते. कारणे शोधताना त्यांना लोकांचा आधार, धूम्रपान कमी असणे आणि नैराश्य कमी असणे ही दिसली. यावरचा आक्षेप रास्त आहे: जी मुळात धडधाकट आहे तीच चर्चपर्यंत चालत जाणार. अशीच शंका लंडनच्या बसगाड्यांबाबत आली होती. १९५३ मध्ये जेरी मॉरिस या संशोधकांनी दाखवले की दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरला हृदयविकार कमी होतो. मग त्यांनी गणवेशाच्या पँटची मापे तपासली, आणि ड्रायव्हरांच्या कमरा तरुणपणीच मोठ्या निघाल्या. म्हणजे निवड थोडी आधीच झाली होती. तरीही जिन्याचे मोल त्याने संपले नाही. शरीरयष्टीचा हिशेब धरूनही कंडक्टरांची बाजू वरचढ राहिली. हार्वर्डच्या संशोधकांनीही आधीची तब्येत आणि आधीची हजेरी हिशेबात घेतली होती. मी एवढेच म्हणेन की नेमाने भेटणाऱ्या मंडळीत काहीतरी खरे औषध आहे. त्यातून कोणा एका धर्माचा खरेपणा सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. दर शनिवारी सकाळी नऊ वाजता पार्करन हेच काम देवावाचून करते. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये तेरा धावपटूंनी सुरू झालेला हा पाच किलोमीटरचा फुकट उपक्रम आज जगभर पसरला आहे, आणि सर्वांच्या मागून एक स्वयंसेवक मुद्दाम चालत येतो, म्हणजे कोणाही सहभागी माणसाला शेवटचा नंबर लागत नाही. मग चर्च हवे कशाला? पार्करनचा मला मनापासून आदर आहे, आणि ज्या चर्चला त्याचा हेवा वाटतो त्याने तो मागून चालणारा माणूस आधी आपल्याकडे नेमावा. पण गुडघे गेल्यावर, पक्षाघात झाल्यावर, नवरा वारल्यावर शनिवारची ती सकाळ हातून सुटते. तेव्हा घरी येऊन बसणारी, शेवटी खांदा देणारी मंडळी वेगळी लागते. ते काम जुन्या धर्मसमुदायांना पिढ्यान्‌पिढ्या जमत आले आहे.

प्रार्थनेच्या भरवशावर गोळ्या सोडायला सांगणारे उपदेशकही आहेत, आणि त्यांचे समर्थन होऊच शकत नाही. वेल्बी यांनी आर्चबिशप असताना, २०१९ मध्ये, आपण नैराश्यावर औषध घेतो हे जाहीरपणे सांगितले होते. त्यांच्या कारकिर्दीबद्दल काहीही मत असो, त्या एका वाक्याने कितीतरी घरांतला संकोच तुटला असेल.

उरतो प्रश्न दाराचा. २००७ मध्ये सॉमरसेटमधल्या टाँटन इथे दोन चर्चनी लहान मुलांच्या योगवर्गाला हॉल नाकारला. योग हिंदू आहे, हे कारण. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांची आसने लंडनच्या सरकारी प्रौढ शिक्षण वर्गांत १९६० च्या दशकाअखेर शिरली, ती अध्यात्म बाजूला ठेवण्याच्या अटीवर. आपल्या जागेत काय चालावे हे ठरवण्याचा हक्क त्या चर्चना आहे, पण मुले हातपाय ताणतात म्हणून डळमळणारी श्रद्धा मला काळजीची वाटते. याउलट पूर्व लंडनमध्ये, ब्रॉम्ली-बाय-बो इथे, अँड्र्यू मॉसन हे पाद्री १९८४ मध्ये आले तेव्हा चर्चमध्ये थोडीच म्हातारी माणसे उरली होती. त्यांनी इमारत वस्तीला खुली केली. तिथे पाळणाघर आले, कलेचे वर्ग आले, बाग आली आणि १९९७ मध्ये डॉक्टरांचे आरोग्य केंद्र आले. गोळीबरोबर बागकाम किंवा चालण्याचा गट सुचवणारी जी पद्धत आज ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, राबवते, तिच्या आरंभीच्या जागांत हे नाव आदराने घेतले जाते.

आणि ज्या देहाला तंदुरुस्ती आता मिळणारच नाही, त्याचे काय? १९४८ मध्ये लंडनच्या एका इस्पितळात वॉर्सातून आलेला डेव्हिड टास्मा हा ज्यू माणूस कर्करोगाने मरत होता. त्याच्याशी बोलायला सिसली साँडर्स ही श्रद्धाळू ख्रिस्ती समाजसेविका येई. जाताना त्याने, मरणाऱ्यांसाठी जे घर तिच्या मनात होते त्यासाठी, ५०० पौंड ठेवले, त्यातली एक खिडकी आपण होऊ म्हणून. पुढे ती डॉक्टर झाली आणि १९६७ मध्ये दक्षिण लंडनमध्ये तिने सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडले. वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि आत्म्याची एकदमच असते, हे तिने वैद्यकाला पटवले. त्या हॉस्पिसमध्ये टास्माची खिडकी आहे, आणि रुग्णांसाठी व्यायामशाळाही. बरे न होणारी माणसे तिथे कोणाच्या तरी सोबतीने खुर्चीतून उठण्याचा सराव करतात.